स्थळ : आंब्याखाली

खात्याने मला एक वही दिली, एक ताणकाटा,
प्लास्टिकची पट्टी आणि केरीचं धरण.
वहीत रकाने : तारीख, जात, लांबी, वजन, स्थळ.
जाती आधीच छापलेल्या,
कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस.
उरलेले सगळे 'इतर'.

मी मडगावचा. मासा म्हणजे मला बांगडा,
फार तर इसवण, तीही तुकड्यांत भेटलेली.
पहिल्याच दिवशी रोहूपुढे कटला लिहिलं,
कटल्यापुढे रोहू.
जयवंती गांवकर काठावर बसली होती
बांबूची काठी गुडघ्यांत धरून.
हसली. तंबाखू थुंकून उठली, माझं बोट धरून
माशाच्या ओठावर ठेवलं.

"तोंड पळय आदी.
ज्याचं तोंड वर, डोकं अंगाला जड,
आभाळातून कोणी घास टाकील म्हणून बसलेला, तो कटला.
त्याला गरी उथळ लाव.
ओठाला झालर असली की रोहू. मधल्या पाण्यातला,
चाखतो, परत जातो, पुन्हा येतो.
मृगळ तळाला तोंड लावून चालतो,
बाजारात चार आणे पडल्यासारखा.
ओठांच्या कडांना चार मिशा नि पाठीवरचा पर लांबच लांब,
तो तुझा सायप्रिनस. सरकारी जावई.
आणि खवलंच नाहीत, मिशा आठ,
पाण्याबाहेर काढला तरी मरायची घाई नाही,
तो थिगूर.
तुझ्या वहीतला इतर."

कोंडा, पेंड, गुळाचा खडा, चिमूटभर हिंग,
एवढ्याचा उंडा मळायला मी तिच्याकडून शिकलो.
थिगुराला हा नैवेद्य चालत नाही.
त्याला कोंबडीचं आतडं, दिवसभर उन्हात ठेवलेलं,
आणि काळोख.
मोरपिसाचं देठ पाण्यावर उभं असतं.
रोहू आला की ते शहारतं,
कटल्याने उचललं की आडवं पडतं,
थिगूर मात्र कोणाला न विचारता
ते घेऊन चालू लागतो.

पहिला थिगूर मी नको तिथे धरला.
परांतला काटा तळव्यात गेला,
साखळीच्या बसपर्यंत हात ठणकत राहिला.
तिने तंबाखूतला चुना लावला, म्हणाली,
"आता ओळख झाली."

वजन झालं, लांबी झाली. मी विचारलं, स्थळ?
"आंब्याखाली."
मी मान वर केली. सपाट पाणी,
पलीकडे डोंगर, त्यावर एकच घार.
आंबा कुठे?
ती काठीला नवी गरी बांधत होती.

मग मी विचारायचं सोडलं, ऐकलं तसं लिहीत गेलो.
कटला, तीन किलो दोनशे, खळ्यावर.
मृगळ, वायंगणाच्या बांधाला.
इतर, अकरा इंच, विहिरीच्या तोंडाशी.
सायप्रिनस दोन, उसोच्या ओसरीत.

पणजीहून वही परत आली. लाल शाई :
जलाशयात आंबा? ओसरी? स्पष्टीकरण द्यावे.
तीन वेळा लिहायला बसलो.
तिसऱ्या वेळी फक्त मायना झाला.

रविवारी सुट्टी होती, तरी गेलो,
वही न घेता, स्वतःची गरी घेऊन.
तिने हनुवटीने दाखवलं तिकडे टाकली.
बराच वेळ देठ नुसतं उभं.
मग बुडालं, एकदम, खोल.
मी ओढलं. जड. पुन्हा ओढलं.
ना झटका, ना धाव,
काठी वाकून कमान झाली
आणि पाण्याखालचं ते काही केल्या हलेना.
"किती किलो असेल?" मी ओरडलो.

जयवंती उठली नाही.
"ओढू नको रे," म्हणाली, "तार तुटेल.
मासा न्हय तो.
मानकुराद."